कललेली चौकट

उरणजवळच्या चिरनेरच्या जुन्या घरात शिरलं की ओटीवरूनच ती दिसते. माजघराच्या दारावर, दोन खिळ्यांवर तळ टेकवून आणि वरून सुतळीने बांधून ठेवलेली लाकडी चौकट. ती भिंतीला पाठ लावत नाही. वरच्या अंगाने पुढे झुकून खाली बसलेल्यांकडे बघत असते. अशी टांगण्याला कारण आहे. सरळ लावली तर दारातला उजेड काचेवर पडून चेहरे दिसत नाहीत. शिवाय पावसाळ्यात भिंत ओल धरते, ती मागच्या पुठ्ठ्यात उतरू नये म्हणून मधे वारा खेळायला जागा लागते. घरात वाढणाऱ्या पोराला ही कारणं कुणी सांगत नाही. त्याला एवढंच कळतं की आजोबा वाकून बघताहेत, आणि जेवताना भांडायचं नाही.

चौकटीतली माणसं हसत नाहीत. त्यांना हसू येत नव्हतं म्हणून नव्हे. फोटो काढणं हे लग्नकार्याइतकंच गंभीर काम होतं. घरातला कुणी मुंबईला गोदीत नाहीतर गिरणीत लागलेला असायचा. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, त्याच्या ओळखीच्या स्टुडिओत जायचं, आणि पाठीमागे रंगवलेला जिना, कठडा, फुलांची कुंडी अशा पडद्यापुढे बसायचं. कोट बहुतेक वेळा स्टुडिओचाच. कोटाच्या खाली बघा, पाय अनवाणी असतात. चिखलात भात लावून बोटं फाकलेले ते पाय कुठल्याच पडद्याने लपत नाहीत, आणि मला त्या सबंध फोटोत तेच सगळ्यात जास्त आवडतात. बाईचे हात गुडघ्यांवर पालथे ठेवलेले, पाटल्या नीट दिसाव्यात म्हणून. चेहऱ्यावरचे देवीचे वण फोटोग्राफरने निगेटिव्हवर शिसपेन्सिलीने घासून पुसलेले. घरातली म्हातारी मात्र ते वण कुठे होते ते अजून बोट ठेवून सांगते.

समोरच्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही माणसं त्या सुरुवातीच्या काळात कॅमेरा हाताळत होती. खाडी ओलांडून हीच कला भातशेतीच्या गावांत आली ती फार सावकाश, आणि आली तीही सगळ्यांसाठी नाही.

चौकटीची तब्येत नाजूक असते. कृष्णधवल फोटोत चेहरा म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे बारीक कण. उरणच्या बाजूची खारी, दमट हवा त्या थराला मानवत नाही. चार पावसाळे गेले की कडांना आरशासारखी चमक येते, कारण चांदी वर येऊ लागते. कसर कोपरे कुरतडते. जिलेटिन ओलं होऊन काचेलाच चिकटतं, आणि मग काच साफ करायच्या उत्साहात कुणी फोटो ओढला की आजीचा गाल काचेवर राहतो, बाकी आजी कागदावर. चिकटलेला फोटो ओढू नये, काचेसकट तसाच ठेवावा. नंतरच्या काळातल्या रंगीत फोटोंचं दुखणं वेगळं. त्यातला निळा-हिरवा रंग आधी उडतो आणि अख्खी वरात लालसर होऊन बसते. पुठ्ठ्यामागे कधी स्टुडिओचा जांभळा शिक्का सापडतो, कधी नुसता पत्ता, जिल्हा कुलाबा म्हणून. रायगड हे जिल्ह्याचं नाव १९८१ नंतरचं.

या चौकटीत कोण नाही, हे मी हल्ली जास्त बघतो. लग्नाच्या फोटोत नवरानवरी आहेत, करवल्या आहेत, पण धवले गाऊन आगरी लग्न लावणारी धवलारीण नाही. तिचा आवाज मांडवभर होता, तिला खुर्ची कुणी दिली नाही. मडकी घडवणारा कुंभार नाही. आणि डोंगराच्या कडेला राहणारा कातकरी तर कुठल्याच भिंतीवर नाही.

याच कातकऱ्याचं नाव मात्र चिरनेर विसरलेलं नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी आजूबाजूच्या गावांतली माणसं अक्कादेवीच्या डोंगराकडे निघाली. मिठाचा सत्याग्रह पावसाळ्यात चालत नाही, म्हणून त्या वर्षी महाराष्ट्रात जंगलचा कायदा मोडायचं ठरलं होतं. पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी जुलैतच गवत कापून अटक करून घेतली होती. चिरनेरला हातात कोयते होते, ते रोजच्याच गवता-लाकडासाठीचे. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. आठ जण गेले. नवश्या महादेव कातकरी, धाकू गवत्या फोफेरकर, रामा बामा कोळी, आलू बेमट्या म्हात्रे, रघुनाथ मोरेश्वर न्हावी ही त्यांतली काही नावं. त्याच गोळीबारात मामलेदार केशव महादेव जोशीही मारले गेले. पुढे ठाण्याच्या न्यायालयात गावकऱ्यांवर खटला उभा राहिला. आरोपींच्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

ही नावं नीट वाचावीत. माणूस, बाप, जात किंवा धंदा, गाव: सरकारी कागदाला जे लागतं ते सगळं त्यांत आहे. पण जिवंतपणी कॅमेऱ्यापुढे बसायचं निमित्त यांतल्या कुणाला मिळालं असेल? स्टुडिओ लांब, पैसा लांब, आणि रजा देणारा मालक त्याहून लांब. उलट भिंतीवरच्या चौकटीत नाकाडोळ्यांसकट सगळं स्वच्छ आहे, फक्त नावं गळत चालली आहेत. एकीकडे चेहऱ्यावाचून नावं, दुसरीकडे नावावाचून चेहरे. एकाच गावाने, एकाच काळात, दोन वेगळ्या हातांनी आपली माणसं अशी अर्धी-अर्धी जपली. हुतात्म्यांची नावं टिकली, कारण दर २५ सप्टेंबरला ती मोठ्याने घेतली जातात. ज्या खात्याने तेव्हा गोळ्या झाडल्या तेच पोलीस आता हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, आणि गाव हजर असतं. चौकटीतल्या माणसांची नावं घ्यायला असा दिवस नाही.

किंवा नव्हता म्हणू. गेल्या काही वर्षांत तरुण पोरं चौकटीसमोर मोबाईल धरतात आणि फोटो नात्यागोत्यांत पाठवतात. कुणी उलव्याला राहायला गेलेलं असतं, कुणी दुबईला. मग उत्तरं येऊ लागतात. ही माझी मावशी. ही विहीर बुजवली. हे भाताचं खाचर, इथे आता कंटेनर उभे असतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूही चिर्ल्याला येऊन टेकला. या पट्ट्यात जमिनीने रूप इतकं पालटलंय की शेताची हद्द दाखवायला कुणाच्या तरी वरातीमागचं आंब्याचं झाडच कामी येतं. या देवाणघेवाणीला गतकाळाचे कढ म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्यांची खाचरं गेली त्यांना ती कुठे होती एवढं तरी म्हणता आलं पाहिजे.

मोबाईलमधल्या प्रतीत एक गोष्ट नेहमी जादा येते. काचेत फोटो काढणारीचं प्रतिबिंब पडतं. पणजोबांच्या कोटावर पणतीचा हात आणि तिचा मोबाईल. पुष्कळ जण तिला कापून टाकतात. कापू नये. उद्या तिचंही नाव विचारलं जाईल.

आणि जी प्रत पाठवली जाते तिच्यात मागची बाजू येत नाही. नाव लिहायची जागा तीच. बॉलपेनने लिहिलं तर रेघ पुढे उमटते, शाई आत उतरते. मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावं.

एका फोटोत डाव्या टोकाला उभा असलेला माणूस कोण, यावर दोन घरांत वाद आहे. एका घरची आजी म्हणते, "यो माझा थोरला दीर." दुसऱ्या घरातले म्हणतात, तो आमचा मामा, लग्नाला म्हणून आला आणि गर्दीत उभा राहिला. दोघांपाशीही पुरावा एकच, कानाची पाळी. पुठ्ठ्यामागे दोन्ही नावं लिहिली आहेत, आणि ज्याने जे सांगितलं त्याचं नाव त्यापुढे. आजीची धाकटी जाऊ माहेरी जुईला गेली आहे, ती आली की तिलाही विचारायचं ठरलंय.