शंकरपाळ्यातला आकडा

इटलीतलं चांदीचं जुनं भांडं हातात आलं की आधी नक्षी बघायची नाही. भांडं उलटं करायचं. बूड, झाकणाची आतली कडा, चमच्याच्या दांडीची मागची बाजू, या जागा शोधायच्या. तिथे तिळाएवढे ठसे असतात. भिंग नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालतो, पण उजेड बाजूने, तिरका पडला पाहिजे. समोरून उजेड आला की चांदी नुसती चमकते आणि ठसा पुसल्यासारखा दिसतो.

हे मला इटलीत कुणी शिकवलेलं नाही. मी हुपरीची आहे. हातकणंगले तालुक्यातलं आमचं गाव चांदीवर जगतं. आई घरी बसून पैंजणांना घुंगरू जोडते, वजनावर मजुरी मिळते. व्यापाऱ्याकडून माल येतो, चार-पाच घरं फिरून पैंजण होतो आणि परत जातो. कडीवर ठसा उठतो तो व्यापाऱ्याचा. इंजिनिअरिंग झाल्यावर मी चेन विणणाऱ्या यंत्रांच्या एका कंपनीत लागले आणि तीन वर्षांपूर्वी आरेत्सोला आले. टस्कनीतलं हे शहर म्हणजे सोन्यातली हुपरी समजा. इथली सगळ्यात प्रसिद्ध दागिन्यांची कंपनी १९२६ साली गोरी आणि झुक्की या दोघांनी सुरू केली. पुढे सरकारने ठशांचे नंबर वाटले तेव्हा आरेत्सो प्रांतातला पहिला नंबर तिला मिळाला : १ एआर. इटालियन भाषेत याचा उच्चार ‘ऊनो-आ-एर्रे’. आज कंपनीचं नावच ते आहे. मालकांची नावं मागे पडली, ठसा राहिला.

माझ्या खालच्या मजल्यावर एक्याऐंशी वर्षांच्या सिन्योरा राहतात. मी चांदीच्या गावची आहे हे त्यांना जिन्यात कधीतरी सांगितलं होतं. चांदीचे भाव चढले तसा त्यांचा भाचा घरातली चांदी मोडीत काढायच्या मागे लागला. इथे गल्लोगल्ली ‘सोनं घेतो’ अशा पाट्यांची दुकानं आहेत, तिथे वजन करून पैसे हातात. सिन्योरांनी मला बोलावलं आणि टेबलावर तीन गोष्टी मांडल्या. बारा चमचे, एक तबक आणि झाकणाचं साखरेचं भांडं. चमचे आणि तबक गेलं तरी चालेल, म्हणाल्या. भांडं मात्र बाबांच्या हातचं आहे. त्यांचे वडील फ्लॉरेन्समध्ये चांदीवर नक्षी उठवायचं काम करायचे.

भाचा वाईट नव्हता. त्याचा प्रश्न सरळ होता : “आजोबांचं नाव कुठे आहे यावर?”

मी भांडी उलटी करायला घेतली.

चमचे सोपे निघाले. त्यांवर ८०० हा आकडा, शेजारी चंद्रकोर आणि मुकुट. ८०० म्हणजे हजारात आठशे भाग चांदी, बाकी बहुतेक तांबं. आमच्या भाषेत ऐंशी टंच. चंद्रकोर आणि मुकुट ही जर्मनीची खूण, १८८८ पासूनची. इटालियन घरात आहे म्हणून चांदी इटालियन असेलच असं नाही, आणि ८०० दिसलं की लोक डोळे मिटून ‘इटालियन’ म्हणतात. तबकावर एका बाईचं डोकं होतं, डोक्यावर तटबंदीच्या बुरुजांचा मुकुट. ही बाई म्हणजे खुद्द इटली. देश एक झाल्यावर १८७२ च्या कायद्याने ही खूण आणली. पण ठसा मारून घेणं सक्तीचं नव्हतं. त्यामुळे त्यानंतरच्या साठेक वर्षांतल्या बऱ्याच इटालियन चांदीवर नुसता ८०० असतो, किंवा काहीच नसतं. त्या काळातल्या भांड्याचा कर्ता शोधणं म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट पोचवणं.

गंमत म्हणजे त्याच्या आधीचा काळ जास्त बोलका आहे. तेव्हा इटली हा देशच नव्हता, राज्यं होती आणि प्रत्येकाचा ठसा वेगळा. व्हेनिसचा सेंट मार्कचा सिंह, समोर तोंड करून बसलेला. जेनोवाचा छोटा बुरूज. पालेर्मोचा गरुड. नेपल्सचा ठसा मला सगळ्यात आवडतो : मुकुटाखाली ‘नॅप’ ही तीन अक्षरं आणि सालाचे शेवटचे तीन आकडे, म्हणजे ७३४ दिसलं की १७३४. शेजारी तपासणाऱ्या पंचाची आद्याक्षरं, त्यांच्या शेवटी ‘कॉन्सुल’चा सी. आणि मग कारागिराचा ठसा. कधी तयार झालं, कुणी तपासलं, कुणी केलं, सगळं नखाएवढ्या जागेत. रोममध्ये पोपचं राज्य, त्यामुळे तिथे पोपच्या किल्ल्या. १८१५ पासून किल्ल्यांवर तीनमजली मुकुटही आला. रोमच्या कारागिरांनी पूर्वी ठशासाठी पुष्कळदा आपल्या दुकानाच्या पाटीवरचं चित्रच घेतलेलं असायचं. हे सगळे ठसे आणि त्यांमागची माणसं जुन्या दप्तरांतून शोधून काढण्याचं मोठं काम कॉस्तांतिनो बुल्गारी यांनी केलं. हो, तेच बुल्गारी, दागिन्यांच्या घराण्यातले. त्यांच्या ग्रंथाचे खंड १९५८ पासून निघाले. जुन्या इटालियन चांदीत काम करणारा माणूस आजही आधी तेच उघडतो.

सिन्योरांचं भांडं मात्र इतकं जुनं नव्हतं. बुडावर एक शंकरपाळं होतं. खरंच, शंकरपाळ्याचाच आकार. त्यात एक आकडा, ‘एफआय’ म्हणजे फिरेन्झे, आपलं फ्लॉरेन्स, आणि कडेला एक बारीक काडीसारखं चित्र. उजेड तिरका केल्यावर काडीची जुडी झाली आणि जुडीतून कुऱ्हाडीचं पातं बाहेर आलं.

ती मुसोलिनीच्या पक्षाची खूण. १९३४ च्या कायद्याने प्रत्येक कारखानदाराला नंबर घेणं सक्तीचं झालं : नंबर, प्रांताची अक्षरं आणि सोबत काठ्यांच्या जुडीतली कुऱ्हाड. १९४४ नंतर कुऱ्हाड गेली, शंकरपाळं राहिलं. १९६८ च्या कायद्याने शंकरपाळंही गेलं, त्याजागी लांबट षटकोन आणि त्यात चांदणी आली. म्हणजे नुसता आकार बघून भांड्याचं वय कळतं. (योगायोग असा की आरेत्सोचा जुन्या वस्तूंचा प्रसिद्ध बाजारही १९६८ सालचाच, इव्हान ब्रुस्की यांनी सुरू केलेला. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि आदल्या शनिवारी भरतो. चांदणीचा माल तिथे तेव्हा नवाकोरा असणार, आज तोही जुन्यात विकतात.)

तेव्हा भांडं १९३५ ते १९४४ मधलं, फ्लॉरेन्सचं, आणि अमुक नंबरच्या कारखान्याचं. आता नंबरामागचं नाव हवं होतं. त्या बाजारात नेहमी बसणाऱ्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याकडे प्रांतवार याद्यांची झेरॉक्स वही आहे. पानं इतकी हाताळलेली, की कडा कापसासारख्या झाल्यात. त्याने भांडं हातात घेतलं, वजन हातानेच तोललं, वही उघडली आणि एका नावावर बोट ठेवलं. तो नंबर आणि ते नाव मी इथे लिहीत नाही, ते त्या घराचं आहे. पण ते नाव सिन्योरांच्या वडिलांचं नव्हतं.

भाचा म्हणाला, “झालं तर मग.”

सिन्योरा आत गेल्या आणि बिस्किटांच्या डब्यातून एक पातळ पुस्तिका घेऊन आल्या. १९३५ च्या कायद्याने इटलीत कामगारांसाठी अशी पुस्तिका सुरू झाली होती. कुठे कामाला लागला, काय काम, कधी सोडलं, सगळं मालकाने त्यात भरायचं. वडिलांच्या पुस्तिकेत चार नोंदी होत्या. दुसरी १९३८ ते १९४१, काम : चांदीवर उठावाची नक्षी. मालकाचं नाव वहीतलंच. १९४१ ला नोंद संपते, कारण ते सैन्यात गेले.

मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला. आनंद झालाच, पण नक्की काय सापडलं होतं? भांडं त्या कारखान्यातलं आहे. वडील त्या कारखान्यात होते. भांड्यावरची पानं वडिलांनीच काढली, हे दोन्हींपैकी एकातही नाही. आणि ते कधी असणारही नव्हतं. ठसा ही कलाकाराची सही नाही. चांदी खोटी निघाली तर कुणाला धरायचं, त्याचा तो पत्ता आहे. सरकारला कारागीर नको असतो, जबाबदार माणूस हवा असतो. आजही इटलीत धंदा बंद केला की ठसे परत करावे लागतात आणि ते ठेचून निकामी करतात.

मोठ्या नावांचंही हेच. अठराव्या शतकातला रोमचा नामांकित चांदीकार लुईजी वालादिएर याच्या भांड्यांपुढे संग्रहालयांत लोक तासन्‌तास उभे राहतात. १७८५ मध्ये त्याने टायबर नदीत उडी घेऊन जीव दिला आणि कारखाना मुलगा जुझेप्पे चालवू लागला. एवढा मोठा कारखाना एका माणसाच्या दोन हातांवर चालत नाही. ओतणारे, ठोकणारे, नक्षी उठवणारे, झिलई देणारे होतेच. पाटीवर मात्र एकच नाव : ‘वालादिएर’.

हुपरीत वाढलेल्या पोरीला यात नवीन काही नाही. भारतात २०२१ पासून सोन्याच्या हॉलमार्कवरून सराफाची खूणही गेली, तिच्याजागी सहा अक्षर-आकड्यांचा कोड आला. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीलाही तो ऐच्छिक आहे. ॲपमध्ये घातला की सराफ कळतो. घुंगरू कुणी जोडले ते कळत नाही. आणि आपल्याकडे घरात तरी कोण विचारतं? लग्नातल्या प्रत्येक पातेल्यावर मामाचं नाव, गाव, तारीख ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली असते. दिलं कुणी हे चार पिढ्या टिकतं. केलं कुणी हे पहिल्या दिवशीही माहीत नसतं.

तो फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईने वजन विचारलं, भावाने किंमत. माझा मामा कोल्हापुरात देवांच्या प्रभावळी आणि मुखवटे करतो, राळेवर पत्रा बसवून उठावाचंच काम. त्याने आणखी फोटो मागितले : झाकण जवळून, पोट जवळून, आणि आतली बाजू, जिथे ठोके उलटे दिसतात. रात्री त्याचा व्हॉइस मेसेज आला. “हे एकाचं काम नव्हं गं. पोटावरच्या पानांच्या शिरा बघ, ठोका खोल आणि लांब लांब. घाईचा माणूस हाय. झाकणावरचा ठोका बारीक, एकाला एक चिकटून. दोघं बसल्यात या भांड्यावर, कमीत कमी.”

दुसऱ्या दिवशी मी सिन्योरांना हे सांगितलं. माझं इटालियन कामापुरतं आहे, म्हणून मोबाइलवर फोटो मोठे करून दाखवले. त्यांनी चष्मा बदलला. झाकण हातात घेतलं, अंगठ्याने पानं चाचपली, मग पोटावरची चाचपली, मग पुन्हा झाकण. भाचा खिडकीपाशी उभा होता, चमचे आणि तबक पिशवीत भरून तयार.

“मग झाकण बाबांचं,” त्या म्हणाल्या.

कशावरून, असं मी विचारलं नाही. भाच्यानेही नाही. तो पिशवी घेऊन गेला. सिन्योरांनी वडिलांची पुस्तिका दुमडली, भांड्यात ठेवली आणि वर झाकण लावलं. ते नीट बसेना, पुस्तिका थोडी उंच होत होती. त्यांनी ती काढून परत बिस्किटांच्या डब्यात टाकली आणि भांड्यात साखर भरली.