दूधगंगेच्या अलीकडचे क्रिकेट

बेळगावहून कोल्हापूरला निघालेली बस काकती, हत्तरगी, संकेश्वर मागे टाकून तवंदीचा घाट उतरते आणि निपाणी येते. पुढे कोगनोळी, दूधगंगेवरचा पूल आणि मग कागल. या वाटेवर भाषेची सरहद्द नेमकी कुठे लागते, हे रोजच्या कंडक्टरलाही सांगता येणार नाही. तिकीट मराठीत मागा नाहीतर कन्नडमध्ये, ते मिळतेच.

क्रिकेटची सरहद्द मात्र पक्की आहे. पुलापलीकडचा कागलचा मुलगा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या कक्षेत येतो, तर अलीकडचा निपाणीचा मुलगा कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेच्या धारवाड विभागात. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट. तरी निवड चाचणीला जायचे तर बॅट पाठीला लावून बस दक्षिणेचीच धरावी लागते.

संघांची नावे आणि राज्यांचे नकाशे यांची जोडी आपल्याकडे कधीच नीट जुळली नाही. रणजी स्पर्धा १९३४ साली सुरू झाली, तेव्हा 'महाराष्ट्र' नावाचा संघ होता, पण त्या नावाचे राज्य व्हायला १९६० उजाडावे लागले. संस्कृतचे प्राध्यापक दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असा दोनदा करंडक जिंकला, तोही राज्य जन्माला येण्याआधी. आजही महाराष्ट्रातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ उतरतात. आपल्या बाजूला उलटे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात आला. राज्याचे 'कर्नाटक' असे नामकरण १९७३ साली झाले. तोवर संघही 'म्हैसूर' म्हणूनच खेळत होता.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या तीन वसाहतींमध्ये शेफील्ड शील्ड स्पर्धा १८९२-९३ मध्ये सुरू झाली. त्या वसाहती एकत्र येऊन देश झाला तो १९०१ साली. क्वीन्सलँडला या स्पर्धेत १९२६-२७ मध्ये जागा मिळाली, तर टास्मानियाला थेट १९७७-७८ मध्ये. कडेच्या प्रदेशांना वाट पाहावी लागते, हा अनुभव तिथलाही आहे.

याच न्यू साउथ वेल्सकडून क्वीन्सलँडविरुद्ध १९३० साली डॉन ब्रॅडमनने नाबाद ४५२ धावा केल्या. त्या विक्रमाच्या अगदी जवळ पोहोचला तो आपल्या शेजारचा माणूस, कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध ते नाबाद ४४३ वर असताना प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. नऊ धावा राहून गेल्या. भाऊसाहेबांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, पण भारतीय फलंदाजाची प्रथम श्रेणीतली ही सर्वोच्च खेळी आजही अबाधित आहे.

सीमाभागातल्या घरांची खरी ओढाताण असते ती मुंबई आणि कर्नाटक यांच्यात. १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे मुंबईने रणजी करंडक कुणाला दिला नाही. ती मालिका १९७३-७४ मध्ये बंगळूरच्या उपांत्य सामन्यात तोडली ती प्रसन्नाच्या कर्नाटकाने, आणि पुढे जयपूरला राजस्थानला हरवून करंडकही आणला. राज्याने नवे नाव घेतले त्याच हंगामात! ज्या घरात वडील मुंबईचे आणि मुलगा विश्वनाथच्या लेट कटचा भक्त, त्या घरात या निकालाची चर्चा दोन भाषांत झाली तर नवल नाही.

पुढे हीच लढत आपल्या दारात आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये बेळगावच्या ऑटोनगरमधील मैदानावर कर्नाटक आणि मुंबई रणजी सामन्यात समोरासमोर आले. मुंबईचे पहिल्या डावात पाच गडी बाद केले ते रोनित मोरेने. आडनाव मोरे, जन्म बेळगावचा, टोपी कर्नाटकाची! सामना अनिर्णित राहिला, पण पहिल्या डावाची आघाडी कर्नाटकाला मिळाली. त्या दिवशी टाळ्या कुणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न त्याच्या चेंडूने सोडवून टाकला होता. २०१९ च्या मेमध्ये याच मैदानावर भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' हे संघही खेळून गेले.

सीमेचा वाद न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. आपल्या मुलांना मात्र आज खेळायचे आहे. चौदा वर्षांच्या मुलाला कुठल्या राज्याचा हे ठरवण्याआधी नेट, बरी खेळपट्टी आणि शिकवणारा माणूस लागतो. निपाणी, चिकोडी, संकेश्वर या गावांत तेवढी सोय झाली, तर पहाटेच्या बसमध्ये त्याची निम्मी झोप तरी वाया जाणार नाही. मग त्याने 'अप्पील' मराठीत केले काय आणि कन्नडमध्ये केले काय, पंचाला ते कळतेच.