ओळखीच्या नावांमागे

खेड्यातल्या एका घराचं तळघर. आत इतका अंधार की कंदील असूनही माणसाचा चेहरा उजळत नाही. एक तरुण मुलगी गाईचं दूध काढते आहे आणि शहरातून कामासाठी आलेला माणूस तिला फरूग फरोखजादची कविता म्हणून दाखवतो आहे. मुलीचा चेहरा आपल्याला दिसत नाही. दिसतात तिचे हात, भांड्यात पडणारी धार. अब्बास कियारोस्तामींच्या १९९९ सालच्या ज्या चित्रपटात हा प्रसंग आहे, त्याचं नावही त्या कवितेचंच आहे: ‘वारा आपल्याला घेऊन जाईल’. कवितेनं मला धरून ठेवलं, आणि मग समजलं की या कवयित्रीनं एक चित्रपटही केला होता.

कियारोस्तामी, माजिदी, पनाही, फरहादी ही इराणी दिग्दर्शकांची नावं आपल्याकडच्या फिल्म सोसायट्यांत आणि महोत्सवांच्या रांगांत अगदी आपली झाली आहेत. मलाही ती फार प्रिय आहेत. पण नदीच्या काठी राहणाऱ्याला कधी तरी उगमाची ओढ लागते, तशी मला या नावांच्या मागची, १९७९ च्या क्रांतीच्या आधीची माणसं खुणावू लागली.

फरूगचा ‘घर काळं आहे’ जेमतेम बावीस मिनिटांचा. १९६२ साली तबरीझजवळच्या बाबाबागी इथल्या कुष्ठवस्तीत तो चित्रित झाला. सुरुवातीलाच आरशात स्वतःचा चेहरा बघणारी एक स्त्री येते. कॅमेरा तिच्यापासून नजर वळवत नाही आणि आपल्यालाही वळवू देत नाही. पुरुषाच्या आवाजात रोगाची कोरडी माहिती येते: हा रोग बरा होतो, उपचार हवेत. मग फरूगचा आवाज येतो, प्रार्थनेसारखा. एक माणूस भिंतीच्या कडेनं येरझाऱ्या घालतो आणि ती आठवड्याचे वार म्हणत राहते, एकामागून एक. वार संपतात, पुन्हा सुरू होतात, भिंत तेवढीच राहते.

याच वस्तीत लग्न लागतं. केस विंचरले जातात, डोळ्यांत काजळ जातं, गाणं होतं. आनंदवनाचं नाव ऐकत मोठ्या झालेल्या मराठी माणसाला हे नवं वाटू नये. कुष्ठरुग्णाला आधी माणूस म्हणून बघायचं असतं, हे बाबा आमट्यांनी आपल्याला केव्हाच शिकवलं आहे. तरीही शाळेच्या प्रसंगापाशी मी दर वेळी थबकतो. गुरुजी एका मुलाला चार सुंदर गोष्टींची नावं विचारतात. तो चंद्र, सूर्य, फुलं आणि खेळ सांगतो. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतात. तो हात, पाय, डोकं सांगतो आणि सगळा वर्ग हसतो. ते हसू निखळ पोरांचं आहे. तिथे फरूग संगीत वाजवत नाही, कुणाचे डोळे भरलेले दाखवत नाही. दया आणि आदर यांतला फरक मला इतक्या थोडक्या वेळात दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. त्या वस्तीतल्या एका रुग्ण जोडप्याचा मुलगा तिनं पुढे स्वतःकडे वाढवायला आणला. १९६७ मध्ये मोटार अपघातात ती गेली, तेव्हा बत्तीस वर्षांची होती.

फरूग आरशानं सुरुवात करते. सोहराब शहीद सालेस यांचा ‘स्थिरचित्र’ (१९७४) आरशाशी येऊन थांबतो. आडरानातलं रेल्वेचं फाटक, ते उघडबंद करणारा म्हातारा, गालिचा विणणारी त्याची बायको. दिवसातून मोजक्या गाड्या जातात. चहा होतो, सिगारेट वळली जाते, दिवा लावला जातो. फौजेतला मुलगा एका रात्रीपुरता येतो आणि जातो. मग निवृत्तीचा कागद येतो. आयुष्यभर जिथे राहिलो ती खोली आपली नाही, हे म्हाताऱ्याला त्या कागदानं कळतं. सालेस त्याला रडवत नाहीत, ओरडायलाही लावत नाहीत. त्याची संथ कामंच इतका वेळ दाखवतात की ती सुटणं हा आपल्यावरचा घाव होतो. बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं. कियारोस्तामींच्या सिनेमातली सावकाश, न बोलता बघत राहण्याची रीत मला इथे आधीच पिकलेली दिसते.

मोहम्मद रझा असलानींच्या ‘वाऱ्याचं बुद्धिबळ’ची (१९७६) तऱ्हा अगदी वेगळी: मेणबत्त्यांच्या उजेडातला जुना वाडा, चाकांच्या खुर्चीतली वारसदार स्त्री, संपत्तीवर टपलेले पुरुष, आणि हौदाकाठी कपडे धुताना या सगळ्यावर बोलणाऱ्या बायका. तेहरानच्या महोत्सवात समीक्षकांनी तो झिडकारला. क्रांतीनंतर त्यावर बंदी आली आणि पुढे तो हरवलाच. २०१४ मध्ये दिग्दर्शकाच्या मुलाला तेहरानमधल्या जुन्या सामानाच्या दुकानात त्याच्या निगेटिव्हचे डबे सापडले. ते पॅरिसला पोहोचले आणि २०२० मध्ये चित्रपट नव्यानं उजळून बाहेर आला. हे वाचताना मला पी. के. नायर आठवतात. दादासाहेब फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी ‘कालिया मर्दन’ची रिळं मिळवून पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात आणली नसती, तर १९१९ सालच्या त्या चित्रपटात कृष्ण झालेली फाळक्यांची छोटी मुलगी मंदाकिनी आपल्यासाठी फक्त नाव उरली असती. चित्रपट बनवणाऱ्याइतकाच तो जपणाराही माझ्या लेखी मोठा आहे, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत कधी येत नाही याची मला खंत वाटते.

पुन्हा सालेस यांच्याकडे वळतो. ते सत्तरच्या दशकात इराण सोडून जर्मनीला गेले. ‘परक्या मुलखात’ (१९७५) हा बर्लिनमधल्या तुर्की कामगारावरचा त्यांचा चित्रपट: कारखान्यातलं तेच यंत्र, तीच भुयारी रेल्वे, भागीत घेतलेलं तेच घर. चेकॉव्हवर त्यांचं अतोनात प्रेम होतं. त्याच्या आयुष्यावरही त्यांनी एक चित्रपट केला. १९९८ मध्ये ते शिकागोत वारले. त्यांचा ‘यूटोपिया’ (१९८३) तीन तासांहून लांब आहे. तो मला लॅपटॉपवर, अधूनमधून फोन बघत उरकायचा नाही. एखाद्या फिल्म सोसायटीनं तो लावावा, चांगल्या प्रतीवरून, मोठ्या पडद्यावर. खुर्च्या मांडायला मी लवकर येईन.