फटफटीची बांधणी

‘संनद्ध’ हा शब्द आम्ही विद्यार्थ्यांस तीस वर्षे शिकविला. ‘नह्’ म्हणजे बांधणे. त्यावरून ‘संनद्ध’ म्हणजे नीट बांधलेला, आणि पुढे अर्थ झाला सज्ज. फळ्यावर हे लिहिणे सोपे. परंतु नीट बांधणे म्हणजे काय, हा धडा आम्हांस निवृत्तीनंतर एका टेम्पोचालकाने दिला.

१९८९ साली आमच्या धाकट्या बंधूंची पुण्याहून चिपळुणास बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये त्यांची येझदी फटफटीही चढविली. गाडी त्यांनी स्वतःच्या शिलकेतून घेतलेली, म्हणून जिवापाड जपलेली. ती बांधण्याचे काम वडीलकीच्या हक्काने आम्ही अंगावर घेतले. मधल्या स्टँडवर ती उभी केली, हँडलाच्या टोकांस सुंभ गुंडाळून दोन्ही बाजूंस आवळला, आणि गाठीवर गाठ मारून हात झटकले. कुंभार्ली घाटाच्या कोणत्या वळणावर ती कोसळली, कोण जाणे. चिपळुणास फाळका उघडला तेव्हा गाडी ट्रंकेवर आडवी, टाकीस वाटीएवढा पोचा, आणि गाद्यांस पेट्रोलचा वास! बंधू एवढेच म्हणाले, “अण्णा, आधी चहा घ्या.” पुढे तो विषय त्यांनी कधी काढला नाही, आम्हीही नाही.

२०२३ साली बंधू निवर्तले. पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने वडिलांची येझदी व स्वतःची बुलेट, दोन्ही पुण्यास आणण्याचे ठरविले. येझदी अनेक वर्षे बंद होती. म्हैसूरचा तो जुना कारखाना १९९६ सालीच थांबला. ते नाव आता नव्या गाड्यांवर पुन्हा दिसत असले, तरी जुनीचे सुटे भाग शोधावेच लागतात. म्हणजे या खेपेस चूक परवडणारी नव्हती.

प्रथम पुतण्याच्या मनात आपल्या जीपमागे दुचाकी ट्रेलर जोडावा असे होते. ट्रेलरचे गणित तराजूसारखे आहे. भाराचा बहुतांश आसावर यावा. परंतु एकूण वजनाचा दहावा हिस्सा तरी पुढे जोडाच्या आकड्यावर पडावा. वजन मागे गेले की आकडा उचलला जातो, वेग वाढताच ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो, आणि पुढच्या गाडीसही ओढून नेतो. शिवाय लहान ट्रेलरास बहुधा स्वतःचा ब्रेक नसतो. घाटाच्या उतारावर सारा लोट जीपच्या अंगावर. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे त्याची नोंदणीही करावी लागते. एका खेपेसाठी हा व्याप नको, असे ठरले.

मग टेम्पो पाहिला. ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्याचा हौदा लांबीस सुमारे सात फूट, आणि बुलेटही जवळजवळ तेवढीच. वजन पेलेल, पण फाळका लागेल न लागेल, आणि बांधण्यास जागा कोठून येणार? म्हणून नऊ फुटी हौद्याची पिकअप ठरविली. वाहन निवडताना केवळ भार नव्हे, बांधणाऱ्या हातांसाठी जागाही मोजावी.

चालक वयस्क व मितभाषी होता. त्याने पिकअप उंच बांधाला लावली, त्यामुळे फळी जवळजवळ आडवी झाली. फळीचे टोकही हौद्यास बांधून टाकले. टाक्यांतील पेट्रोल काढले, बॅटरीच्या तारा सोडविल्या. दोन्ही बाजूंस एकेक माणूस देऊन गाड्या ढकलीत चढविल्या. एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे. त्यामुळे हँडले एकमेकांत अडकली नाहीत. पुढची चाके फळीशी टेकवून खाली लाकडी पाचरी मारल्या.

आम्ही सवयीने म्हणालो, “आता स्टँड लावा.” तो हसला. “गुरुजी, स्टँडवर बांधली की गाडी नाचते. ती आपल्या चाकांवरच उभी पायजे.”

मग त्याने घट्ट ओढण्याचे पट्टे काढले. हँडलाच्या टोकांस नव्हे, तर त्याखाली पुढचे दोन दांडे जेथे जखडलेले असतात त्या जाड जोडास पट्टे घातले. ते तिरपे, पुढे व बाहेर, हौद्याच्या कड्यांस नेले. दोन्ही बाजूंचे पट्टे आळीपाळीने ओढीत पुढची स्प्रिंग निम्म्याने दाबली. मोकळी ठेवली तर खड्ड्यात स्प्रिंग दबते, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि आकडा निसटतो. पुरती दाबली तर हिसका खाण्यास जागाच उरत नाही, आणि दांड्यांतील तेलाची सीले खराब होतात. मागेही सांगाड्यास दोन पट्टे. रंगाशी पट्टा लागेल तेथे जुन्या धोतराची घडी. आमचा सुंभ का हरला, ते तेव्हा उमगले. आम्ही गाठी मोजल्या होत्या. ओढ कोणत्या दिशेची आणि किती, हे पाहिलेच नव्हते.

घाटापूर्वी पोफळीस त्याने पिकअप थांबविली. पट्टे अंगी लागताना थोडे ढिले पडतातच. सगळे पुन्हा ओढून घेतले. बांधून विसरावे अशी बांधणी जगात नसते, हे आम्ही मनात टिपून ठेवले.

पुण्यास गाड्या निर्वेध उतरल्या. पुतण्या टाकीवरून हात फिरवीत म्हणाला, “काका, हा पोचा काढून घेतो. बाबा सांगत, पहिल्या पावसात ते घसरले होते, त्याची ही खूण.”

आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. चौतीस वर्षे बंधूंनी आमची चूक आपल्या नावावर जमा ठेवली होती! अंगणातच आम्ही पुतण्यास सारी हकिगत सांगितली, सुंभासह, गाठींसह. तो ऐकून घेऊन म्हणाला, “मग राहू द्या काका, पोचा नाही काढत.”

कुटुंबात कोणी कोणास कशाने बांधलेले असते, ते नेहमी दिसत नाही. आमच्या बंधूंची बांधणी आम्हांस फार उशिरा दिसली. ती मात्र कोणत्याही घाटात सैल झाली नव्हती.