माद्रिदच्या हमरस्त्यावर मेंढरं

ऑक्टोबरातल्या रविवारची सकाळ. माद्रिदची काये मायोर दोन्ही कडांनी माणसांनी फुललेली. पोरं बापांच्या खांद्यावर, म्हाताऱ्या बाल्कनीत, पोलिसांनी वाहतूक अडवलेली. एखादा मंत्री यायचा असावा असा सगळा थाट. आधी घंटांचा गलका कानावर आला, मग वास आला आणि मागोमाग वळणावरून मेंढरं आली. हजाराच्या वर! या दुकानाच्या पायरीपासून त्या दुकानाच्या पायरीपर्यंत नुसती लोकर.

मेंढरं मला नवी नाहीत. दिवाळी झाली की आपल्याकडचे धनगर देशावरून घाट उतरून कोकणाकडे निघतात, आणि आपण गाडीत बसून त्यांच्यामागे हॉर्न बडवतो. स्पेनमध्येही हंगाम हाच. थंडी पडू लागली की उत्तरेच्या डोंगरांतले कळप दक्षिणेच्या उबदार कुरणांकडे जायचे. फरक एवढाच, की इथे एक अख्खी राजधानी त्यांच्यासाठी थांबली होती आणि टाळ्या वाजवत होती.

कळपापुढे खच्ची केलेले धिप्पाड एडके चालतात. त्यांच्या गळ्यात गाडग्याएवढ्या घंटा. हे शहाणे पुढे गेले की बाकीची मेंढरं मान खाली घालून मागे. एक मेंढी मात्र एका दुकानाच्या काचेसमोर अडून बसली. काचेत दिसणाऱ्या मेंढीकडे रोखून पाहत राहिली आणि मागच्या पन्नासेक जणींचा खोळंबा झाला. मेंढपाळाने काठी उगारलीसुद्धा नाही. जिभेने टकटक असा आवाज केला, की निघाली. पुढे पुएर्ता देल सोलचा चौक. देशातल्या मोठ्या रस्त्यांची अंतरं जिथून मोजतात ती शून्य किलोमीटरची फरशी इथेच आहे. मेंढरं तिच्यावरूनच गेली. सिग्नल आपले इमानाने लाल-हिरवे होत होते.

इथवर मी याला गमतीची मिरवणूक समजत होतो. पण हा प्रकार हक्काचा आहे. 1273 साली राजा दहावा अल्फोन्सो याने मेंढपाळांच्या संघाला, म्हणजे मेस्ताला, मान्यता दिली. मेरिनो लोकर ही तेव्हाची स्पेनची दौलत. ही मेंढी देशाबाहेर नेण्यावर शतकानुशतकं बंदी होती. कळपांसाठी देशभर वाटा राखल्या गेल्या. त्यांतली सगळ्यात थोर वाट म्हणजे कान्यादा: रुंदी 90 ‘वारा’ (हे तिथलं जुनं माप), आजच्या हिशेबाने सुमारे 75 मीटर. आपल्या कित्येक महामार्गांना एवढी जागा नाही. माद्रिद वाढत गेलं ते अशा वाटांवरच. काये दे अल्काला हा आजचा बँका-कचेऱ्यांचा रस्ताही जुनी कळपवाटच. 1418 मध्ये मेस्ता आणि माद्रिद यांच्यात करार झाला: शहरातून जायचं तर हजार मेंढरांमागे 50 मारावेदी मोजायचे. मेस्ता 1836 मध्ये बरखास्त झाली, मारावेदी चलनातून गेलं. तरी आजही सोहळ्यात मेंढपाळ तेवढी जुनी नाणी नगरपालिकेच्या हाती ठेवतो, आणि समोरचा माणूस ती गंभीर चेहऱ्याने घेतो. वाट आमची आहे, याची ही पावती.

सोहळा तसा अलीकडचा, 1994 पासूनचा. पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि तो वाचून आपल्या गायरानांची आठवण येऊन जीव हळहळतो. या वाटा सार्वजनिक. त्या विकता येत नाहीत, जप्त करता येत नाहीत, आणि कितीही वर्षं कब्जा केला तरी कुणाच्या नावावर चढत नाहीत. असल्या वाटांचं जाळं देशभर सव्वा लाख किलोमीटरचं आहे म्हणतात.

कागद आणि जमीन यांत तिथेही अंतर आहेच. शहराच्या आग्नेयेला गालियाना नावाच्या कान्यादावर कित्येक किलोमीटर लांब वस्ती उभी राहिली. 2011 मध्ये माद्रिद प्रांताने तेवढ्या तुकड्याचा कळपवाटेचा दर्जाच काढून टाकला. ऑक्टोबर 2020 पासून वस्तीच्या मोठ्या भागात वीज नाही. बहुतेक मेंढरंही आता ट्रकने जातात. पायी चालणारे मेंढपाळ थोडेच उरलेत. 2023 मध्ये युनेस्कोने स्पेनसह दहा देशांतल्या या भटकंतीला अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हटलं, ते बरं झालं, पण मानपत्राने मेंढपाळाच्या पोराला बायको मिळत नाही. आपल्याकडचा धनगरही हेच सांगेल. मग ही मिरवणूक म्हणजे नाटक का? मला तसं वाटलं नाही. शेतकरी वर्षातून एकदा बांधावरून फेरी मारतो, त्याला कुणी नाटक म्हणत नाही.

जायचं असेल तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध धरा. नेमका रविवार नगरपालिका जाहीर करते, तिकीट नाही. मेंढरं कासा दे काम्पोच्या रानातून निघतात. सोलच्या गर्दीत चेंगरण्यापेक्षा कुएस्ता दे ला वेगाच्या चढावर थांबावं. तिथे धापा टाकणारा कळप अगदी मांडीला घासून जातो. कळपामागे गावोगावची मंडळी वाद्यं वाजवत, नाचत येतात.

त्यांच्याही मागे येतात सफाई कामगार, झाडू आणि पाण्याच्या गाड्या घेऊन. हजार मेंढरांच्या ताज्या लेंड्या त्यांनी पाहता पाहता गोळा करून गाडीत भरल्या. रात्रभर कळप शेतात बसावा म्हणून आपल्याकडचा शेतकरी धनगराला धान्य देतो, पैसे देतो. हे चांगलं लेंडीखत कुठे नेणार, असं मी गाडीवाल्याला खुणेनेच विचारलं. त्याने नाक दाबून दाखवलं आणि पाण्याचा फवारा सुरू केला.