वास पाहुण्या नाकाला विचारावा

आपल्या स्वयंपाकघराचा वास आपल्याला येत नाही. एकच वास सतत येत राहिला की नाक सरावते. म्हणून तो घरात नव्याने आलेल्या माणसाला विचारावा. आमच्याकडे असे माणूस म्हणजे धाकटी सून. माहेर धारवाडचे, पूर्ण शाकाहारी. आमच्याकडे मात्र पावसाळ्यात सुके बांगडे भाजल्याशिवाय ह्यांना जेवण जात नाही.

पहिल्या पावसाळ्यात ती काही बोलली नाही. फक्त बांगडे भाजले की तिला भूक नसायची. बंद करावे तर ह्यांचे तोंड उतरणार, चालू ठेवावे तर पोर उपाशी. शेवटी मी तिला विचारलेच, "खरं सांग, वास सोसत नाही ना?" ती संकोचत म्हणाली, "अत्ती, भाजतानाचं जाऊ दे. दुसऱ्या दिवशी पडद्यांना येतो तो सोसत नाही."

मग आम्ही दोघी कामाला लागलो. वास नुसता हवेत नसतो. तेलकट वाफेबरोबर तो टाइल्सवर, पडद्यांवर, फॅनच्या पात्यांवर बसतो. म्हणून आधी पडदे उतरवले आणि पाती सोड्याच्या गरम पाण्याने पुसली. आता एक्झॉस्ट फॅन तवा तापायच्या आधीच लागतो आणि जेवणानंतरही पंधरा मिनिटे चालतो. त्याच्या शेजारची खिडकी बंद, समोरची किलकिली. नाहीतर फॅन जवळचीच हवा ओढत बसतो. मासळीच्या वासाला आंबट मारक, म्हणून तवा आणि ओटा लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने पुसायचा. काटे कागदात गुंडाळून त्याच रात्री बाहेर. लवंग-दालचिनी उकळली तर घर घमघमते, पण त्याने वास झाकतो, जात नाही.

तिच्या ओग्गरणीतल्या मिरचीचा ठसका मला लागतो, हेही मी तेव्हाच सांगून टाकले. फॅनचा नियम तिलाही लागू झाला.

सून आजही मासे खात नाही, खाणारही नाही. पण त्या दिवशी आमच्याच पंगतीला बसून भाकरी-पल्या जेवते. तवा ठेवला की आतून विचारते, "फॅन हच्चीरेनु?"

मैत्रिणींनो, नव्या सुनेने नाकाला पदर लावला तर तो नखरा समजू नका. आपल्याला जे कळेनासे झाले आहे, तेच तिला कळत असते.