मागील चिठ्ठी

माझ्या अभ्यासिकेंत खिडकीखालीं जोड्यांचीं सात खोकीं आहेत. त्यांत माझ्या गुरुजींच्या चिठ्ठ्या आहेत. अठरा वर्षांपूर्वीं गुरुजी गेले, तेव्हां काकूंनीं तीं खोकीं माझ्या स्वाधीन केलीं आणि म्हटलें, "ह्यांचें पुस्तक तूं पुरें कर."

तें पुस्तक अद्याप पुरें झालेलें नाहीं. चिठ्ठ्यांवरील अक्षर सुवाच्य आहे, शाईही फिकटलेली नाहीं. पण त्यांचा क्रम गुरुजींच्या डोक्यांत होता व तो त्यांच्याबरोबरच गेला. एका चिठ्ठीवर तर एवढेंच लिहिलें आहे: "मागील चिठ्ठी पाहा." ती मागील चिठ्ठी कोणती, हें मी अठरा वर्षें शोधतों आहें!

यावरून शहाणा होऊन मीं आपलीं टिपणें एका सॉफ्टवेअरच्या हवालीं केलीं. शब्द टाकावा कीं संदर्भ हजर! परंतु त्याच्या मालकांनीं एके दिवशीं तें बंद केलें आणि माझीं नऊ वर्षांचीं टिपणें कुलुपांत राहिलीं. गुरुजींच्या चिठ्ठ्या उघडतात, पण सांपडत नाहींत. माझीं टिपणें सांपडलीं असतीं, पण उघडत नाहींत.

म्हणून गेल्या सुटींत मी नवें सॉफ्टवेअर निवडावयास बसलों. एन्डनोटला दाम मोजावे लागतात. मेंडेली फुकट मिळतें. मात्र २०१३ पासून तें एल्सेव्हिअर या बड्या प्रकाशनसंस्थेच्या मालकीचें आहे. झोटेरो हें अमेरिकेंतील जॉर्ज मेसन विद्यापीठांतल्या इतिहासाच्या अभ्यासकांनीं २००६ सालीं काढलें. तेंही फुकट, आणि त्याची मूळ संहिता कोणालाही पाहतां येते. तळटिपा व संदर्भसूची तर तिन्ही क्षणांत रचून देतात. तेव्हां माझा प्रश्न एकच होता: येथून बाहेर पडावयाचें झाल्यास वाट कोणती?

उत्तर ऐकून मी ओशाळलों. आरआयएस नांवाच्या साध्या अक्षरी फाइलींत संदर्भ बाहेर काढण्याची सोय या तिहींत आहे, आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्येंही ती होती. नऊ वर्षांत मीं ती एकदांही वापरली नाहीं. म्हणजे कुलूप दुसऱ्याचें असलें, तरी आळस माझाच!

अखेर मीं झोटेरो निवडलें. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं नोंदींची एक प्रत बाहेर काढून ठेवतों, आणि रोज रात्रीं जेवणानंतर गुरुजींच्या वीस चिठ्ठ्या त्यांत उतरवितों. दोन नोंदी एकमेकींशीं जोडण्याची सोय त्यांत आहे. 'मागील चिठ्ठी'ची नोंद केली, तेव्हां ती जागा मात्र रिकामी ठेवावी लागली.

काकूंना आतां ८१ वें वर्ष लागलें आहे. अधूनमधून त्या फोनवर विचारतात, "कुठवर आलें रे?" इतकीं वर्षें मी कांहींतरी पुटपुटून विषय बदलीत असें. परवां मात्र म्हणालों, "काकू, दुसरें खोकें उघडलें आहे."